रेंज नसलेल्या वर्गाला इंग्रजी शिकवताना

९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले आणि आठवडाभरात कॉलेजं बंद झाली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली. पंधरा दिवसांत परत यायचंच आहे, या हिशेबाने पुस्तकं, वह्या, डिक्शनरी सगळं खोलीवरच ठेवून गेली. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानंही बंद. मला शिकवायचं होतं कम्पल्सरी इंग्लिश. एका डिव्हिजनला १२० नावं, त्यांतली बरीचशी मराठी माध्यमातून आलेली, भोर, वेल्हे, मावळ, मुळशी, जुन्नर या भागांतली.

पहिले तीन आठवडे मी गूगल मीटवर रोज पाऊण तास लेक्चर दिलं. तीस-पस्तीस जण यायचे, त्यातले निम्मे दहा मिनिटांत गळायचे. उरलेले म्यूटवर. मी बोलत होते, धडा पुढे सरकत होता आणि आठवडा संपला तरी एकाही मुलाच्या तोंडून इंग्रजीचं एक अख्खं वाक्य मी ऐकलेलं नव्हतं. वर्गात निदान बाकावरच्या शेजाऱ्याशी कुजबुजत का होईना, ती बोलतात. स्क्रीनवर तेवढंही उरत नाही.

तेव्हा एक नियम ठरवला. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्याचा इंग्रजी आवाज माझ्या कानावर पडला पाहिजे. बाकी सगळी मांडणी या एका नियमावर उभी आहे. हिशेब सोपा आहे: १२० मुलांचा प्रत्येकी एक मिनिट म्हणजे आठवड्याला दोन तास ऐकणं. तीन लेक्चरं बंद केली की तेवढा वेळ निघतो. जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावर पाणी शिरलं, तेव्हाही त्या आठवड्यापुरती मी हीच पद्धत बाहेर काढली. पुन्हा कधी वर्ग बंद पडला तर हाताशी असावी, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

आधी फोन करा

सुरुवात गूगल फॉर्मने करू नका. ज्याच्याकडे नेट नाही तो फॉर्म भरणार नाही आणि नेमकी त्याचीच माहिती तुम्हाला हवी असते. साधा फोन लावा. रोज पंधरा फोन केले तर आठ दिवसांत डिव्हिजन पूर्ण होते. मी पाच गोष्टी विचारत असे: फोन कोणाचा आहे? तो तुझ्या हातात किती वाजता येतो? रेंज घरात मिळते की बाहेर जावं लागतं? रोजचा डेटा किती, आणि त्यात अजून कोण शिकतंय? घरात मोठ्याने बोलता येईल अशी जागा आहे का?

शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण भाषेच्या शिक्षकाला त्याचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं. दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर मुलगी आजोबांसमोर, काकांसमोर इंग्रजी वाक्यं म्हणायला लाजते. ती गच्चीवर, गोठ्यात किंवा विहिरीकडे जाऊन रेकॉर्ड करते. तिला रात्री नऊची वेळ देऊन उपयोग नाही.

या फोनमधून तीन गट आपोआप पडतात. पहिल्या गटाला व्हिडिओ कॉल जमतो, दुसऱ्याला व्हॉट्सॲप जमतं पण कॉल टिकत नाही, आणि तिसऱ्याकडे बटणाचा फोन असतो किंवा कधीमधी मिळणारा स्मार्टफोन. सगळी आखणी दुसऱ्या गटासाठी करा. पहिल्या गटाचं त्यात काही बिघडत नाही. तिसऱ्या गटासाठी आठवड्यातून एक फोन राखून ठेवा. माझ्या डिव्हिजनमध्ये असे चौदा जण होते. प्रत्येकी पाच-सहा मिनिटं, म्हणजे सव्वा-दीड तासाचं काम.

गट आणि मुलींचे नंबर

आठ ते दहा जणांचे गट करा. रोल नंबरप्रमाणे न करता, फोन हातात येण्याच्या वेळेप्रमाणे करा. सकाळी सातला मोकळी असणारी एकत्र, संध्याकाळी गाई-म्हशींचं आटोपून येणारी एकत्र. प्रत्येक गटाला एक गटप्रमुख नेमा आणि तो महिन्याने बदला.

इथे एका गोष्टीकडे डोळेझाक करू नका. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. पहिल्याच महिन्यात माझ्या तीन विद्यार्थिनींना रात्री नको ते मेसेज आले आणि त्यातली एक ग्रुप सोडून गेली. ती परत यायला दीड महिना लागला. तेव्हापासून मोठ्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवते, ज्या मुलींना नको असेल त्यांना ग्रुपमध्ये घेतच नाही, आणि त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो, त्यांनाच ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या फोनमध्येच समोरच्याला नंबर सेव्ह करायला लावा.

आठवडा कसा मांडायचा

सोमवारी सकाळी एक व्हॉइस मेसेज, सहा-सात मिनिटांचा, आणि धड्याच्या एका पानाचा फोटो. बुधवारपर्यंत त्यावर वहीत थोडं लेखन. शुक्रवारपर्यंत प्रत्येकाचा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज. शनिवारी जमेल त्या गटाचा पंचवीस मिनिटांचा कॉल. बस्स.

डेटाचं गणित मांडून पाहा. पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज साधारण एक एमबीच्या आतबाहेर असतो. तासाभराचा व्हिडिओ कॉल काही शे एमबी खातो. घरात दिवसाला दीड जीबीचं एक रिचार्ज आणि शिकणारी तीन भावंडं असतील तर व्हिडिओचा तास म्हणजे धाकट्या भावाची शाळा बुडवणं. शिवाय व्हॉइस मेसेज एकदा उतरला की रेंज नसतानाही दहादा ऐकता येतो. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मावळ-मुळशीकडे वीज नव्हती आणि टॉवर बंद होते, तेव्हा आधीच उतरवून ठेवलेलं तेवढंच मुलांच्या हाती राहिलं.

धड्याच्या पानांचे फोटो पाठवायला मी आधी बिचकत होते. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने प्रत काढायला मुभा आहे. मात्र अख्खं पुस्तक स्कॅन करून फिरवू नका, त्या आठवड्याचं पान तेवढं पाठवा. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, वरून सरळ काढा. सावली पडलेलं पान लहान स्क्रीनवर वाचता येत नाही.

आपला आवाज रेकॉर्ड करताना

पहाटे, कुकरच्या शिट्ट्या सुरू होण्याआधी करा. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललं तर आवाज घुमत नाही. फोन वीतभर अंतरावर धरा. सुरुवातीला तारीख, धडा, पान आणि ओळ मराठीत सांगा. दोन वाक्यं इंग्रजीत वाचा, मग पाच सेकंद थांबा. त्या पाच सेकंदांत मुलांनी ती वाक्यं आपल्या तोंडाने म्हणायची आहेत, हे दर वेळी सांगावं लागतं. न सांगता थांबलात तर त्यांना वाटतं रेकॉर्डिंग तुटलं.

मराठी किती वापरायची, यावर आमच्या स्टाफरूममध्ये बरेच वाद झालेत. माझं मत पक्कं आहे: सूचना मराठीत, सराव इंग्रजीत. समोर चेहरा नसताना मुलाला काय करायचंय तेच कळलं नाही, तर तो विचारायलाही येणार नाही. सूचना कळली की त्याची ताकद इंग्रजीवर लागते.

मुलांचा एक मिनिट

ही या सगळ्यातली मुख्य पायरी, म्हणून इथे जरा थांबते.

व्हॉइस मेसेज ग्रुपवर न मागवता तुमच्या नंबरवर मागवा. ग्रुपवर मागवले तर इंग्रजी माध्यमातून आलेली पाच मुलं पहिल्या तासात सफाईदार बोलून मोकळी होतात आणि उरलेल्या सगळ्यांची जीभ जड होते. विषय घरातला द्या. आज घरात काय शिजलं, दारातलं झाड, शेजारी कोण राहतं, सकाळपासून कोणती कामं केली. ‘माय ॲम्बिशन’ हा विषय दिलात तर गाइडमधला निबंध वाचून दाखवतील. लिहून वाचायचं नाही, फक्त पाच शब्द कागदावर टिपून बोलायचं, ही अट ठेवा. वाचलेला आवाज आणि बोललेला आवाज दोन आठवड्यांत तुमच्या कानाला ओळखू येऊ लागतो.

वेल्ह्याकडच्या एका विद्यार्थिनीचा पहिला मेसेज ११ सेकंदांचा होता. ऑगस्टचे दिवस, मागे पत्र्यावर पडणारा पाऊस आणि शेळ्यांचं ओरडणं. “माय फादर इज फार्मर,” एवढं म्हणून ती थांबली. मेसेजच्या वर ‘डिलीटेड’ अशा चार ओळी होत्या, म्हणजे पाचव्या खेपेला तिने तो तसाच राहू दिला होता. मी आधी मला काय कळलं ते सांगितलं: तुझे वडील शेती करतात, आणि तिकडे पाऊस जोरात आहे. मग म्हटलं, “आता हेच ‘अ फार्मर’ असं म्हणून पाठव.”

थोड्या वेळाने तिचा मराठीत मेसेज आला. “मॅडम, तो ‘अ’ लागतोच का?”

“आपल्या भाषेत नाही लागत, म्हणून जीभ तिथे थांबत नाही. इंग्रजीत पहिल्यांदा ओळख करून देताना एक शेतकरी म्हणावं लागतं. तो एक म्हणजे तो ‘अ’.”

दुरुस्तीची पद्धत हीच ठेवा. आधी आशयाला उत्तर, मग एकच चूक. एका मिनिटात आठ चुका ऐकू आल्या तरी एकच सांगायची, आणि त्या आठवड्यात सगळ्यांची एकाच जातीची. मी वहीत आठवड्याची चूक लिहून ठेवते. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात, कारण त्या मराठीच्या घडणीतून येतात. आपलं क्रियापद शेवटी असतं, त्यातून ‘आय यस्टर्डे मार्केट वेंट’ येतं. आपलं ‘टेबलावर’मधलं ‘वर’ नामाच्या मागून येतं, इंग्रजीत ते पुढे यावं लागतं. ‘मला सर्दी झाली’ म्हणताना सर्दी ही कर्ता असते आणि मी नुसता सोसणारा, त्यामुळे ‘कोल्ड हॅपन्ड टू मी’ असं वाक्य तयार होतं. यात मुलाची अक्कल कमी पडलेली नसते, ते आपल्या व्याकरणाला धरूनच बोलत असतं. हे त्याला उघड सांगा. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी म्हणून दाखवा. चूक कुठून येते ते कळलं की लाज बरीच कमी होते.

उच्चारांसाठी फोनने एक फायदा करून दिला, जो वर्गात कधी मिळाला नव्हता: सेल्फी कॅमेरा. वेल या अर्थाचा ‘व्हाइन’ आणि पिण्याची ‘वाइन’ यांतला फरक आपल्या कानाला चटकन कळत नाही. लिहितानाही आपण व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे ‘व्ह’च लिहितो, जरी इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. मुलांना सेल्फी कॅमेरा उघडायला सांगा. व्हिडिओ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकलेले दिसले पाहिजेत, वाइन म्हणताना दोन्ही ओठ गोल. दोन मिनिटांचा सराव, तोही डेटा न खर्चता.

तसंच झू आणि झीरो या शब्दांतल्या पहिल्या आवाजाचं. मुलं तिथे झाडातला झ लावतात. त्यांना आधी ‘जवळ’ म्हणायला लावा. ‘जगात’मधला ज वेगळा आणि ‘जवळ’मधला वेगळा, हे मराठी जिभेला पाठ आहे. आता त्या ‘जवळ’मधल्या ज साठी जीभ दातांमागे टेकते तिथे टेकू न देता तोच आवाज लांबवा, माशी गुणगुणते तसा. गळ्याला बोट लावलं तर थरथर जाणवते. हा आवाज मी इंग्रजीतून समजावत होते तोवर कोणालाच जमला नव्हता, ‘जवळ’वरून समजावल्यावर बहुतेकांना जमला.

व्हॉट्सॲपवर दीडपट वेगाने ऐकायची सोय आहे. आशयापुरती ठीक आहे, उच्चार तपासायला वापरू नका.

शनिवारचा कॉल

आठ जण, पंचवीस मिनिटं, कॅमेरा बंद. घर दाखवायची सक्ती कोणावर करू नये. मला स्वतःला एकदा हजेरीसाठी चेहरे दिसतील असे स्क्रीनशॉट मागण्यात आले होते. मी त्याऐवजी आलेल्या व्हॉइस मेसेजची तारीखवार यादी दिली, आणि चर्चेनंतर ती चालली. तुमच्याकडेही असा आग्रह झाला तर अशी यादी आधीपासून तयार ठेवा.

कॉलमध्ये धडा घेऊ नका. ज्यात एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला हवी आहे, असं काम द्या. एकाला स्वारगेटहून भोरला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा खासगी मेसेजवर पाठवा, दुसऱ्याला सांगा की दुपारी दोनच्या आत पोचायचंय, विचारून घे. किंवा एक जण कॉलेजचं ऑफिस, दुसऱ्याला बोनाफाइड हवंय. चार जोड्या, प्रत्येकी चार मिनिटं. बाकीच्यांनी ऐकून उत्तर वहीत लिहायचं, म्हणजे कोणी रिकामं राहत नाही. रेंज गेली तर गटप्रमुखाने तो संवाद साध्या फोनवर पूर्ण करून घ्यायचा.

लेखन

वहीतच, पेनाने. फोटो काढून पाठवायचा. टाइप करायला लावलं की गूगल ट्रान्सलेट मध्ये येतं. पण त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा भाषांतर करून मिळणारच नाही असा विषय देणं सोपं पडतं. माझी सगळ्यात चांगली उतरलेली कामं त्या दिवसांच्या गरजेतून आली. लॉकडाउनमध्ये प्रवासासाठी लागणाऱ्या ई-पासच्या अर्जात प्रवासाचं कारण दोन ओळींत लिहायचं असायचं. एका मुलाने आजीच्या दहाव्याला जाण्यासाठी ते लिहिलं आणि आधी मला दाखवलं. आम्ही त्यातले नऊ शब्द कमी केले. लस घेतल्यावर येणारा इंग्रजी मेसेज वाचून त्यातली तारीख, डोस आणि पुढचं काम कोणतं ते घरच्यांना मराठीत सांगायचं, हा वाचनाचा धडा. औषधाच्या पाकिटावरच्या सूचनांचंही तसंच. घरात त्या मुलाचं वाचन कोणाच्या तरी उपयोगी पडतं, आणि त्याला ते जाणवतं.

तपासताना फोटोवरच लाल रंगाने दोन ठिकाणी खूण करा आणि परत पाठवा. दुरुस्त वाक्य तुम्ही लिहू नका. तोच कागद सुधारून पुन्हा मागवा. दुसरा मसुदा आल्याशिवाय मी गुण देत नाही.

कविता-कथांबद्दल थोडक्यात: कविता सगळ्यात सोपी जाते, कारण ती कानाची गोष्ट आहे. दिवसाला चार ओळी, आधी तुम्ही वाचा, मग त्यांनी. लांब कथा असेल तर गटागटांत पानं वाटून द्या आणि प्रत्येक गटाने पुढच्या गटाला आपल्या पानावर काय घडलं ते सांगायचं.

गुण कसे द्यायचे

ऑक्टोबर २०२०मध्ये विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी स्वरूपात झाल्या. अशा परीक्षेची तयारी शेवटच्या दोन आठवड्यांत करून घेता येते: वेळ लावून वीस प्रश्न, आणि उत्तर चुकलं तर ते का चुकलं याची चर्चा. त्यासाठी अख्खं सेमिस्टर एबीसीडीवर टिक करायला लावू नका.

अंतर्गत गुण मात्र आपल्या हातात असतात. ते व्हॉइस मेसेज, दोन मसुदे आणि फोनवरची पाच मिनिटांची ओरल यांना वाटून द्या. ओरल साध्या फोनवर घ्या, तिथे रेंजचा प्रश्न कमी येतो आणि सगळ्यांना एकच माप लागतं. पहिलं मिनिट जेवणखाण, घरची तब्येत, तेही मराठीत. घाबरलेल्या मुलाची पहिली तीस सेकंदं मोजू नयेत.

जे गप्प होतात

दोन आठवडे मेसेज आला नाही तर ग्रुपवर नाव घेऊ नका, फोन करा. आणि “का आला नाहीस?” हे पहिलं वाक्य असू नये. एप्रिल २०२१मध्ये मी एका विद्यार्थ्याला फोन केला तेव्हा तो वडिलांसाठी बेड शोधत ससून रुग्णालयाच्या बाहेर उभा होता. मी त्याला कामाबद्दल काही विचारलं नाही. पुढे महिन्याने त्याने आपणहून एक मिनिट पाठवलं, वडिलांबद्दल, भूतकाळात. त्या मेसेजमधली चूक मी सांगितली नाही. अशा मुलांसाठी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच पंधरांपैकी कोणतेही दहा मेसेज धरायचे, असा नियम करून ठेवा. मग कोणाला कारण सांगत अर्ज करावा लागत नाही.

सेमिस्टर संपताना

पहिल्या आठवड्याचा आणि शेवटच्या आठवड्याचा मेसेज प्रत्येकाचा वेगळा काढून ठेवा, मधले पुसून टाका. मुलांच्या घरातले आवाज त्यात असतात, ते आपल्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहू नयेत. मग दोन्ही मेसेज एकापाठोपाठ त्या त्या मुलाला परत पाठवा, आणि त्याला काय फरक वाटतो ते त्यालाच सांगू द्या.

वेल्ह्याच्या मुलीचा शेवटचा मेसेज नोव्हेंबरमधला, १ मिनिट १० सेकंदांचा, भाताच्या झोडणीबद्दल. त्यात तिने ‘अ’ सहा वेळा घेतला होता, दोनदा नको त्या जागी. ते दोन मी तिला कॉलेज उघडल्यावर वर्गात, फळ्यावर लिहून दाखवले.